उंचीला घाई चालत नाही

विमान उतरायला लागले की कानांत दडे बसतात, हा आपला नेहमीचा अनुभव. उंच आकाशात विमानाच्या आतली हवा मुद्दाम दाबून ठेवलेली असते. साधारण २,००० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तितकी. विमान खाली येते तसा हा दाब वाढवत नेतात आणि दार उघडते तेव्हा आतली-बाहेरची हवा सारखी झालेली असते. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुस्को शहरात उतरताना मात्र नेमके उलटे घडते. तिथला विमानतळच सुमारे ३,३०० मीटरवर आहे. त्यामुळे विमान धावपट्टीकडे येत असताना आतला दाब वाढत नाही, उलट आणखी कमी होतो. प्रवासी जमिनीवर उतरलेला असतो खरा. पण हवेच्या हिशेबाने त्याचे शरीर आकाशात होते त्यापेक्षाही वर चढलेले असते.

समुद्रकाठच्या लिमाहून हा प्रवास जेमतेम सव्वा तासाचा. बॅग उचलून चार पायऱ्या चढल्या की छाती धडधडू लागते. दुपारी सगळे ठीक वाटते. संध्याकाळी कपाळ जड होते, जेवणाची इच्छा उरत नाही, रात्री झोप लागत नाही आणि लागली तर दचकून मोडते. अँडीज पर्वतातले लोक या दुखण्याला ‘सोरोचे’ म्हणतात. वैद्यकशास्त्र त्याला उंचीवरचा तीव्र आजार म्हणते. कुस्कोला आलेल्या प्रवाशांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या जणांना त्याची लक्षणे जाणवल्याचे दिसले होते. बहुतेकांचे दुखणे दोन-तीन दिवसांत आपोआप निवळते. काहींचे निवळत नाही, आणि योग्य वेळी ओळखले नाही तर ते जीवावर बेतते.

पाठीवर सॅक टाकून अँडीजमधले इंकांचे अवशेष पाहायला जाणाऱ्यांत आता मराठी माणसेही दिसतात. बूट, जॅकेट, कॅमेरा, परवाने यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. तयारीच्या यादीत एक गोष्ट मात्र बहुधा नसते, ती म्हणजे मोकळे दिवस.

हवा तीच, पण सैल

‘उंचावर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. मुंबईच्या चौपाटीवर हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि अँडीजच्या खिंडीतही तेवढाच. बदलतो तो हवेचा दाब. मंगल कार्यालयात गाद्यांची चळत रचलेली असते, तिच्यातली सर्वांत खालची गादी वरच्या वजनाने घट्ट दबलेली असते आणि वरची फुगलेली, सैल असते. समुद्रसपाटीवरची हवा ही तळाची गादी. जितके वर जावे तितकी हवा सैल होते आणि एका श्वासात येणारे ऑक्सिजनचे रेणू कमी होतात. कुस्कोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. ५,००० मीटरवर तो निम्म्यापेक्षा थोडाच जास्त उरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना माचू पिचूच्या उंचीची धास्ती वाटते. प्रत्यक्षात माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोच्या सुमारे हजार मीटर खाली आहे. त्रास होतो तो अवशेषांच्या ठिकाणी नव्हे, तर त्याआधी जिथे मुक्काम पडतो त्या शहरात आणि वाटेतल्या खिंडींत.

आपल्याकडच्या सवयीचा इथे किती उपयोग? महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड चढलेल्या माणसाचे गुडघे, दमसास आणि पावलांची सवय तिथे नक्कीच कामी येते. पण विरळ हवेची ओळख सह्याद्री करून देत नाही. उंचीचा आजार तंदुरुस्ती पाहून येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला तो होतो आणि त्याच्या सोबतच्या साठीच्या काकांना होत नाही, असेही घडते. तंदुरुस्त माणसाला उलट एक धोका अधिक असतो. तो भरभर चढू शकतो, आणि म्हणून शरीर सावरायच्या आत नको तितका वर पोहोचतो.

शरीराची चार दिवसांची तडजोड

मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला खबर देतात आणि श्वास जलद होतो. हे काही मिनिटांतच घडते. पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्त क्षारधर्मी होऊ लागते. रक्त क्षारधर्मी झाले की मेंदू उलटा हुकूम देतो, श्वास कमी कर. म्हणजे एकाच वेळी गाडीचा ॲक्सिलरेटरही दाबलेला आणि ब्रेकही. रात्री झोपेत ही ओढाताण उघडी पडते. काही श्वास खोल आणि भराभर, मग काही सेकंद श्वासच नाही, मग पुन्हा धाप. शेजारी झोपलेला घाबरून जातो. उंचीवर नव्याने आलेल्यांत असे श्वसन अगदी सर्रास आढळते.

हा ब्रेक सोडवतात ती मूत्रपिंडे. रक्तातला जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून उंचीवर पहिल्या दिवसांत लघवीला जास्त होणे हे चांगले लक्षण मानतात. पण हे काम तासाभराचे नाही, त्याला दोन ते चार दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक काही तासांत वाढते, पण त्यातून नव्या पेशी पुरेशा तयार व्हायला आठवडे जातात. ऑक्सिजनची कमतरता पेशींना नेमकी कशी कळते आणि त्या कोणकोणती जनुके जागी करतात, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकातील नोबेल मिळाले. त्या शोधातून कळलेली यंत्रणा अफाट आहे. पण तिलाही वेळ द्यावा लागतोच.

करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खाली आकडा गेला की धाबे दणाणू लागले. कुस्कोत पहिल्या दिवशी धडधाकट माणसाच्या बोटावरही ९० किंवा त्याहून थोडा कमी आकडा दिसू शकतो. तिथे तो अनपेक्षित नाही. त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरू नये. आणि आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी, उलटी किंवा झोकांड्या यांच्याकडे दुर्लक्षही करू नये. आजार लक्षणांवरून ओळखायचा असतो.

भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. पेरूचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे आणि तिथे पोहोचायला एक दिवसाहून अधिक प्रवास होतो. डोके दुखणे, भूक मरणे, झोप न लागणे ही जेट लॅगचीही लक्षणे आहेत. साहजिकच उंचीच्या आजाराचे खापर विमानप्रवासावर फुटते. डॉक्टरांचा याबाबतचा नियम साधा आहे. उंचीवर गेल्यावर तब्येत बिघडली, तर दुसरे कारण सापडेपर्यंत ती उंचीमुळेच बिघडली असे धरून चालावे.

साडेचारशे वर्षांपूर्वीची नोंद

या दुखण्याचे पहिल्या तपशीलवार वर्णनांपैकी एक अँडीजमधलेच आहे. होसे दे अकोस्ता हे स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू सोळाव्या शतकात पेरूतल्या पारियाकाका डोंगराच्या वाटेने जात होते. वर पोहोचताच त्यांना अशा उलट्या सुरू झाल्या की आता मरण आले असे त्यांना वाटले. खाली उतरल्यावर ते बरे झाले. १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी याचे कारणही लिहून ठेवले. तिथली हवा इतकी पातळ आणि सूक्ष्म आहे, की ती माणसाच्या श्वासाला पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हवेचा दाब मोजणारे बॅरोमीटर त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. उंचीवरच्या त्रासाचे कारण म्हणजे ऑक्सिजनचा घटलेला दाब, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले तेव्हा १८७८ साल उजाडले होते.

अँडीजच्या लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. कुन्काइचा या पेरूतल्या कपारीत, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, माणसाच्या वस्तीच्या सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. इंकांनी पंधराव्या शतकात याच डोंगरांत साम्राज्य उभारले तेव्हा त्यांच्या हाताशी हजारो वर्षांचे शहाणपण होते. त्यांच्या रस्त्यांचे जाळे, ‘कापाक न्यान’, ३० हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे होते. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर ‘ताम्बो’, म्हणजे धान्य-निवाऱ्याच्या धर्मशाळा होत्या. ‘चास्की’ नावाचे जासूद निरोप घेऊन धावत, पण एक माणूस सगळी वाट धावत नसे. थोडे अंतर कापून तो निरोप पुढच्याच्या हवाली करी. जिंकलेल्या मुलखातली माणसे दुसरीकडे वसवायची झाली, तर त्यांना मूळ गावासारख्याच हवामानात पाठवत, असे स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवले आहे.

चार दिवसांची वाट

इंकांची ही वाट आजही चालता येते. कुस्कोहून निघालेल्या रेल्वेच्या ८२ व्या किलोमीटरपासून माचू पिचूपर्यंत सुमारे ४३ किलोमीटरचा मार्ग आहे. तो चार दिवसांत चालतात. दिवसाला ५०० जणांनाच परवानगी मिळते आणि त्यांत वाटाडे व भारवाहकही धरलेले असतात. फेब्रुवारीत पावसामुळे आणि डागडुजीसाठी ही वाट बंद असते.

सुरुवात सुमारे २,७०० मीटरवर होते. पहिल्या दिवशी उरुबाम्बा नदीच्या काठाने, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे अवशेष पाहत, ३,००० मीटरच्या आसपासच्या मुक्कामी पोहोचायचे. दुसरा दिवस खरा कसोटीचा. दगडी पायऱ्यांनी १,२०० मीटर चढून ४,२१५ मीटरवरची वार्मिवान्युस्का खिंड गाठायची. या केचुआ नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’. दुरून खिंडीचा आकार पहुडलेल्या स्त्रीसारखा दिसतो. इथे दर दहा पावलांनी थांबणारी माणसे दिसतात. कोणी बोलत नाही, कारण बोलायला श्वास शिल्लक नसतो. मात्र खिंडीत मुक्काम नसतो. पलीकडे उतरून ३,६०० मीटरच्या आसपास तंबू ठोकतात. तिसऱ्या दिवशी गोल भिंतींचे रुन्कुराकाय, मग जवळपास ४,००० मीटरची दुसरी खिंड, कड्यावरचे सायाकमार्का, ढगांवर उभे असल्यासारखे फुयुपातामार्का, आणि शेवटी विन्याय वायना. इथे अर्धवर्तुळात उतरत गेलेली शेतांची पायरी अन् पायरी अजून जागेवर आहे. उंची २,६५० मीटर. चौथ्या पहाटे इंती पुंकू, म्हणजे सूर्याचे दार, आणि खाली माचू पिचू.

या चार दिवसांच्या उंचीचा आलेख काढला तर एक गोष्ट ध्यानात येते. दिवसा वर चढायचे, रात्री खाली उतरून झोपायचे. आजचे गिर्यारोहक नेमके हेच करतात. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो, म्हणून मुक्कामाची उंची महत्त्वाची. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांचा सारांश आहे.

या वाटेवर प्रवाशांचे तंबू, भांडी, गॅस, खाणे पाठीवर वाहून नेणारे बहुतेक भारवाहक आसपासच्या केचुआ गावांतले शेतकरी असतात. पूर्वी त्यांच्या पाठीवर किती ओझे लादावे याला धरबंध नव्हता. २००१ च्या कायद्याने एका माणसामागे २० किलोची मर्यादा घातली आणि आता वाटेच्या तोंडाशी ओझ्यांचे वजन केले जाते. इथेच जन्मलेल्या माणसाच्या शरीरालाही ओझ्याची मर्यादा असते, हे मान्य व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

कधी उतरायचे?

नुसती डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर असेल तर उपाय साधा असतो. आणखी वर जायचे नाही. त्याच उंचीवर विश्रांती, पाणी, हलका आहार आणि गरज पडल्यास साधी वेदनाशामक गोळी. एक-दोन दिवसांत बरे वाटले की पुढे निघायचे. बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला, तर खाली उतरायचे.

दोन अवस्था मात्र थांबायला सवड देत नाहीत. पहिली मेंदूला सूज येण्याची. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सुस्त होतो, त्याचा तोल जातो. यासाठी सोपी चाचणी आहे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगायचे. झोकांडी गेली तर दुसऱ्या पुराव्याची वाट पाहू नये. दुसरी अवस्था फुप्फुसांत पाणी भरण्याची. ती बहुधा उंचीवरच्या दुसऱ्या रात्रीच्या सुमारास डोके वर काढते. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ निळसर पडतात, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडू लागते. दोन्हींत रात्र असो वा पाऊस, रुग्णाला खाली नेणे हाच पहिला उपचार. ऑक्सिजन, औषधे किंवा हवा भरून आतला दाब वाढवणारी गॅमो बॅग ही साधने उतरायला वेळ मिळवून देतात. ती उतरण्याला पर्याय नाहीत.

या ज्ञानात भारताचाही वाटा आहे आणि तो मोठी किंमत मोजून आलेला आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानातले सैनिक थेट हिमालयाच्या उंचीवर पोहोचवावे लागले आणि शत्रूच्या गोळीआधी उंचीनेच अनेकांना गाठले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. फुप्फुसांत पाणी होण्यावरचा त्यांचा लेख १९६५ मध्ये, तर १,९२५ सैनिकांतल्या उंचीच्या आजारावरचा लेख १९६९ मध्ये जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत आला. आजही जगभरचे संशोधक त्यांचे दाखले देतात. भारतीय लष्करात आता जवानाला वर पाठवण्याआधी टप्प्याटप्प्याने सरावाचे दिवस ठरलेले आहेत. पहिल्या टप्प्यालाच सहा दिवस देतात. सुट्टीवर गेलेला पर्यटक मात्र सहा दिवसांत संपूर्ण पेरू पाहू इच्छितो.

वाटेवरचा खरा धोका अनेकदा संकोचात असतो. परवाना पासपोर्टच्या नावाने आणि ठरावीक तारखेचा असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. पैसे काही महिने आधीच भरलेले असतात. मग ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून माणूस डोकेदुखी लपवतो. खिंडीच्या दोन्ही बाजूंना गाडीरस्ता नाही. ज्याला चालता येत नाही, त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवरूनच खाली यावे लागते. म्हणून रोज सकाळी गटातल्या प्रत्येकाने एकमेकांना डोके, भूक, झोप आणि तोल यांविषयी विचारायचे, ही पद्धत कोणत्याही औषधाइतकी मोलाची आहे.

कोका, कापूर आणि गोळी

कुस्कोतल्या हॉटेलात पाऊल टाकताच कोकाच्या पानांचा चहा समोर येतो. ही पाने अँडीजमध्ये हजारो वर्षे चघळली जातात. तिथल्या पूजेत, पाहुणचारात आणि कष्टाच्या कामात त्यांना स्थान आहे. त्यांनी थोडी तरतरी येते, भूक आणि थकवा कमी जाणवतो. पण उंचीचा आजार त्यांनी टळतो, याला भक्कम पुरावा नाही. तरतरीमुळे लक्षणे झाकली जाण्याची शक्यता मात्र असते. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोकाचा चहा प्यायल्यानंतर लघवीच्या चाचणीत कोकेनचे अंश दिसू शकतात. शिवाय आठवण म्हणून ही पाने बॅगेत टाकून आणणे हा भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो.

आपल्याकडे लेह किंवा अमरनाथला जाणारे कापराची पुडी सोबत ठेवतात. कापूर हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण त्याने हवेचा दाब वाढत नाही की रक्तातला ऑक्सिजनही वाढत नाही.

ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे ते औषध म्हणजे ॲसिटाझोलामाइड. मूत्रपिंडे जे काम दोन-चार दिवसांत करतात, ते ही गोळी लवकर सुरू करून देते. प्रौढांना प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, असे प्रमाण सुचवतात. बोटांना मुंग्या येणे, लघवीला वारंवार जावे लागणे, सोड्याची चव बिघडणे हे तिचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, आणि खरे तर सर्वांनीच, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळी सराव लवकर घडवते, बेफिकिरीची मुभा देत नाही. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य घेणे पहिल्या रात्री टाळावे. दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार, रक्तक्षय किंवा गर्भारपण असेल तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातल्या काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो अशा सिकलसेल वाहकांतही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखू लागले, तर ते अपचन समजून सोडून देऊ नये.

जे तिथेच राहतात

प्रवासी चार दिवसांनी उतरतो. अँडीजच्या पठारावर लाखो माणसे आयुष्य काढतात. १९२१-२२ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट पेरूतल्या सेरो दे पास्को या ४,३०० मीटरवरच्या खाणगावात प्रयोगांसाठी आले. उंचीवर राहणाऱ्या सगळ्यांच्याच शारीरिक आणि मानसिक शक्ती उण्या असतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांना तो मान्य नव्हता. ज्या लोकांनी याच उंचीवर शेती केली, रस्ते बांधले, साम्राज्य चालवले त्यांना दुबळे कसे म्हणायचे? पाहणाऱ्यालाच उंची लागली होती आणि ते त्याच्या ध्यानात आले नाही, असे मोंगे यांनी सुनावले. १९२७ मध्ये त्यांनी स्वतःची मोहीम नेली आणि तिथल्या रहिवाशांचे शरीर अपुरे नव्हे, वेगळ्या रीतीने पूर्ण आहे, हे मोजमापांनिशी मांडले. मोठ्या क्षमतेची छाती आणि जास्त हिमोग्लोबिन ही त्यांची ठेवण. तिबेटी लोकांनी हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला आहे. त्यांचे हिमोग्लोबिन तुलनेने कमी राहते आणि त्यामागच्या जनुकाचा एक प्रकार डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.

मोंगे यांचा प्रामाणिकपणा असा की, या क्षमतेलाही सीमा आहे हेही त्यांनीच दाखवले. काही रहिवाशांत वर्षांनंतर तांबड्या पेशी बेसुमार वाढतात, रक्त दाट होते, डोके सतत दुखते, चेहरा काळानिळा पडतो. १९२५ मध्ये त्यांनी वर्णन केलेला हा आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पेरूतल्या ला रिंकोनादा या सुमारे ५,१०० मीटरवरच्या, जगातल्या सर्वांत उंच कायमच्या वस्तीत तो अनेकांना जडला आहे. त्यावरचा खात्रीचा उपाय खाली जाऊन राहणे हाच. पण सोन्याच्या खाणी वर आहेत आणि पोट त्यांच्यावर अवलंबून आहे.

बेत आखताना

उंचीची घडी नीट बसवली तर हा प्रवास बहुतेकांना झेपतो. कुस्कोत उतरल्यावर तिथे न थांबता गाडीने थेट उरुबाम्बाच्या खोऱ्यात जावे. ओयांतायताम्बो २,८०० मीटरच्या आसपास आहे. वाटेत रस्ता काही वेळ वर चढतो, पण महत्त्व झोपायच्या जागेला. दोन रात्री तिथे काढाव्यात, गावातच इंकांचा भव्य किल्ला आणि अजूनही वाहणारे दगडी पाट आहेत. मग रेल्वेने माचू पिचू आणि त्यानंतर कुस्को. पायी वाट चालायची असेल, तर त्याआधी असे तीन-चार दिवस हवेतच. लिमाहून आधी २,३०० मीटरवरच्या अरेकिपात काही दिवस राहणे हाही चांगला पर्याय. ‘सप्तरंगी डोंगर’ म्हणून गाजलेले विनिकुन्का ५,००० मीटरवर आहे आणि कुस्कोहून पहाटे निघून एका दिवसात दाखवतात. ते पहिल्या दोन-तीन दिवसांत कधीही ठेवू नये, शेवटाला ठेवावे. प्रवास विमा घेताना तो किती मीटरपर्यंत लागू आहे, हे वाचून घ्यावे. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला थेट विमानाने जाणाऱ्यांनाही यातले जवळपास सगळे लागू पडते.

वार्मिवान्युस्काच्या चढावर वाटाडे नवख्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: हळू. पाठीवर २० किलो घेऊन चढणारा भारवाहकही पुढच्या वळणावर टेकतो, दोन पाने गालात धरतो, दम घेतो आणि उठतो. त्याच्या आजोबा-पणजोबांनी या खिंडी ओलांडल्या आहेत, तरी तो थांबतो. सपाटीवरून कालच आलेल्याने थांबण्यात मग कसला कमीपणा?